ब्याऐंशी ठोके

५ जानेवारी, सोमवार

घसा बसलाय. काल चाळीस मिनिटं बोललो, माइक अर्ध्यातच बाजूला ढकलून.

वसंतरावांचा तेरावा, संध्याकाळी इथल्या ग्वाल्हेरच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा. शोकसभेत हळू बोलायचं असतं म्हणे. मी हळू बोललो नाही. माझा मेहुणा, शालूचा नवरा, चौसष्ट वर्षांचा सरळ माणूस, फूलबागेत चालता चालता बाकावर बसला तो उठलाच नाही. त्याआधी आठ आठवडे त्या स्कॅन सेंटरनं त्याच्या हृदयाच्या नळ्यांचा सीटी काढून कागद दिला होता. लक्षणीय अरुंदपणा नाही. नाही! ते पान हॉलमध्ये उंच धरलं. म्हणालो, यंत्र खोटं बोललं आणि माणूस मेला. ज्या काचेमागे बसून हे खोटं छापतात ती काच अजून शाबूत का आहे?

टाळ्या नाहीत. खुर्च्या सरकल्याचा आवाज. तो आवाज मी ओळखतो. चाळीस वर्षं त्याच्यासाठीच बोलतोय.

पंधरा-वीस पोरं थेट गेली. सेंटरची दर्शनी काच, दोन दारं, कॉम्प्युटर रस्त्यावर, कागद नालीत. मशीनच्या खोलीपुढे टेक्निशियन आडवा आला, रामनिवास नावाचा. लोखंडी स्टुलानं त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

वाईट वाटलं का? विचारून पाहिलं स्वतःला. नाही. काच फुटल्याचं कळलं तेव्हा छातीत गार वाटलं. इथे तरी खरं लिहायचं.

६ जानेवारी, मंगळवार

सकाळी पोलिसांनी अमोलला उचललं. शालूचा एकुलता, नोएडाहून बापाच्या दिवसांना आलेला. स्टूल त्याच्याच हातात होतं. मोबाइलवर फिरतंय सगळं, स्पष्ट दिसतं. एकदा नाही, तीनदा मारलं. तिसऱ्यांदा रामनिवास खाली पडलेला होता.

कोतवालीत भेटलो. बोटांच्या पेरांवर काचेचे ओरखडे, रक्त वाळलेलं. चेहरा मात्र निवांत.

"मामा, पापा का हिसाब हो गया."

"मराठीत बोल. आणि हळू."

"तुम्हीच बोललात ना, काच शाबूत का आहे? मग आम्ही जाऊन विचारलं."

ठाणेदार आमच्याकडे बघत होता. "वकील साहब, भाषण आपका, हाथ भांजे का. किसको अंदर करूँ?" त्याला आवाज चढवून कायदा ऐकवला. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. हरामखोर, शेवटपर्यंत हसत होता.

शालू घराच्या पायरीवर उभी. रडली नाही. "दादा, एक गेला. दुसरा मला परत आणून दे." शब्द दिला. वकीलपत्र माझंच.

७ जानेवारी, बुधवार

जामिनाचा अर्ज लिहितोय. मुद्दा एकच पण जबर. मुलगा गुंड नाही, चुकीच्या अहवालानं बाप गमावलेला आहे. शिवाय सेंटरविरुद्ध हलगर्जीपणाची तक्रार. दोन्हीकडून आवळायचं. अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाईला उलटतपासणीत उभी फाडीन. वाक्यं आपोआप येतायत. दाल बाजारातून जाताना मोठ्यानं बोलत होतो वाटतं, एक हमाल पोतं पाठीवर तसंच ठेवून बघत राहिला.

तज्ज्ञाचं मत जोडायला हवं. सप्रे. शाळेतला सोबती, तीस वर्षं हृदयाचा डॉक्टर, आता घरीच असतो. उद्या.

८ जानेवारी, गुरुवार

सप्रेला कागद दाखवला तर म्हणाला, "कागदावर काय नाचतोस? सीडी आण." नेली होती. लावली त्यानं.

डावीकडच्या नळ्या स्वच्छ. पानगळ झालेल्या झाडाच्या फांद्यांसारख्या, टोकापर्यंत दिसत होत्या. मग उजवी. वरून बरी आणि मध्येच फाटलेली. एकीच्या दोन झालेल्या, पायरीसारखी तुटून बाजूला सरकलेली. मी टेबलावर मूठ मारली. "हाच अडथळा! डोळ्यांपुढे होता आणि लिहिला नाही!"

"ओरडू नकोस. हा अडथळा नाही, हे हललेलं चित्र आहे. याच्या आत अडथळा होता की नव्हता हे मला सांगता येणार नाही. त्या बाईलाही येत नव्हतं, आणि तिनं तसं लिहिलं असणार. दुसरं पान कुठंय?"

म्हटलं, घरी राहिलं.

मग तो शिकवायलाच लागला. "हा तपास 'नाही' म्हणण्यात पक्का. चित्र नीट आलं आणि नळ्या मोकळ्या दिसल्या, तर खुशाल घरी जावं. 'आहे' म्हणताना कधी कधी वाढवून सांगतो. नळीत चुना साचलेला असला की तो चकाकतो आणि अरुंदपणा आहे त्याहून मोठा दिसतो. पण दोन्ही गोष्टींसाठी त्याला दोन ठोक्यांमधली स्वस्थता लागते. तेवढ्यात तो फोटो घेतो. हृदय पळत असेल तर तो काय करणार? ठोके किती होते?"

पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता.

"ब्याऐंशी? अरे, साठीच्या आसपास आणल्याशिवाय शहाणा माणूस करत नाही. कुणी केला हा उद्योग?"

उठलो. खुर्ची मागे पडली. बाहेर पडताना त्याचं दार असं आपटलं की भिंतीवरचं काहीतरी खाली आलं. वळून पाहिलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

लिहून टाकतो.

दिवाळी नुकतीच झाली होती. व.ला जिना चढताना छातीत आवळायचं. डॉक्टरांनी सीटी सांगितला. सोबत मी, कारण कोर्ट, बँक, दवाखाना, या घरात सगळीकडे बोलायला मीच जातो. रामनिवासनं नाडी पाहिली, ठोके कमी करायची गोळी दिली. "बाबूजी, एक घंटा चुपचाप बैठिए. बात भी नहीं."

व. बसला. मी कसला बसतोय. समोरच्या बाकावरचा एक गृहस्थ आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "आप मराठों ने ग्वालियर को दिया क्या, बताइए?" मग काय. तासभर. शाळा, गाणं, बागा, पाण्याचे बांध, दरबारचं दप्तर, सगळं काढलं. माणसं जमली. व. माझा कायमचा पहिल्या रांगेतला श्रोता. गोळी, शांती, सगळं विसरला. "दादा, ते कालव्याचं सांगा की!" तो स्वतः जलसिंचन खात्यात नकाशे काढायचा. गाल लाल झाले होते त्याचे. किती खूष होता.

तासानं नाडी ब्याऐंशी.

रामनिवास म्हणाला, आज नाही होणार, उद्या सकाळी शांतपणे आणा, फोटो बिघडेल. व. लगेच उठला, चपला शोधायला लागला. "चला दादा. उद्या येऊ."

उद्या माझं झाशीला भाषण होतं.

एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही.

मी त्या हॉलच्या मधोमध उभा राहिलो. आजार तुमची वेळ बघून येतो का, गरिबाला असंच खेटे घालायला लावता का, असं बरंच. (व. गरीब नव्हता. पण वाक्य चांगलं होतं.) लोक म्हणाले, सही बात है. तो मराठ्यांचा हिशोब विचारणारासुद्धा माझ्या बाजूनं उभा. रामनिवास घामाघूम. दोनदा आत जाऊन आला. "साब, रजिस्टर में लिखना पड़ेगा, आपके आग्रह पर." मी गरजलो, "लिख!" दहा मिनिटांत व.ला आत घेतलं.

बाहेर आला तेव्हा म्हणाला, शिरेत औषध सोडलं की अंगभर ऊब पसरते हो, गंमत वाटली.

मी जिंकलो होतो.

११ जानेवारी, रविवार

काल लिहवलं नाही. उरलेलं आज.

दुसऱ्या पानावर होतं. उजव्या नळीचा मधला भाग हालचालीमुळे तपासता आला नाही, ठोके आटोक्यात आणून पुन्हा तपास करावा किंवा अँजिओग्राफी करावी. व.च्या घरी, व.च्या समोर वाचलं मी ते. आणि हसलो. म्हणालो, वसंतराव, ही वकिली ओळ आहे, अशा हजार ओळी मी स्वतः लिहिल्यात, उद्या अंगाशी येऊ नये म्हणून. खिशातलं लाल पेन काढून तिच्यावर आडवी रेघ मारली. स्वयंपाकघरातून शालूनं विचारलं, "काय आलं रे?" ओरडून सांगितलं, "साफ! घोड्याचं काळीज आहे तुझ्या नवऱ्याचं!" डॉक्टरांना फोन मीच केला. नॉर्मल आहे म्हणालो.

नंतरचे आठ आठवडे तो ओवा खात होता. पित्त आहे म्हणायचा.

आता स्वतःला पळवाट देऊ नये. मी ती ओळ विसरलो होतो का? विसरलो असतो तर शोकसभेला जाताना दुसरं पान कपाटात ठेवून एकच पान का नेलं?

माझ्यासारख्या साक्षीदाराची मी पिंजऱ्यात हाडं खिळखिळी केली असती.

१२ जानेवारी, सोमवार

रामनिवासच्या घरी गेलो. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं, आणि हातातलं लाटणं उगारलं. खरंच उगारलं. "अब क्या दूसरा हाथ लेने आए हो?" मी सरकलो नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. आतून तो म्हणाला, आने दे.

प्लास्टर खांद्यापर्यंत. बोटं सुजून काळीनिळी. मी उभाच.

"आपका भाषण मोबाइल पे सुना, साब. अच्छा बोलते हैं. उस दिन भी अच्छा बोले थे."

विचारलं, रजिस्टरमध्ये लिहिलं होतंस?

"लिखा था. धड़कन भी, आपका नाम भी. रजिस्टर तो लड़कों ने नाली में डाल दिया. अब जो आप बोलो, वही सही."

म्हणजे माझ्या आग्रहाचा पुरावा नाही. एकही नाही. वकिलाच्या डोक्यानं हा हिशेब अर्ध्या क्षणात केला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना कठड्याच्या दगडावर मूठ आपटली. पुन्हा. पुन्हा. कातडं गेलं.

१३ जानेवारी, मंगळवार

जामीन झाला. मुद्दा वापरला मी. सगळं माहीत असून. "चुकीच्या अहवालाचा बळी." आवाज जराही हलला नाही. सरकारी वकील मान खाली घालून कागद चाळत बसला. न्यायाधीशांनी जाताना माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

शालूनं अमोलच्या तोंडावरून हात फिरवला, मग माझ्या पाया पडायला वाकली. पाय मागे घेतले. तिला वाटलं, दुःखानं.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. शालूकडे यंदा सण नाही. आमच्याकडेही नाही.

अमोल चार मित्रांना घेऊन आला. रविवारी फूलबागेतून मोर्चा, सेंटरच्या दारात सभा. "मामा, इस बार ताला लगवाएँगे. मशीन तक जाएँगे. लोक तुमचं ऐकायला येतायत, दोन हजार तरी येतील." एकजण म्हणाला, "काका, वैसा ही बोलना, आग वाला."

मशीनपर्यंत. आणि मशीनच्या दारात पुन्हा कुणीतरी उभं असेल, दोन धड हातांचं.

"बघू" म्हणालो. मी! बघू!

१६ जानेवारी, शुक्रवार

ओठ फुटलाय. खालचा एक दात हलतोय.

अमोलला एकट्याला बोलावून सांगितलं. बाकावरचा माणूस, झाशी, ब्याऐंशी, लाल रेघ. दुसरं पान समोर ठेवलं. तो वाचत राहिला, मग परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, रडेल. उठला आणि मारलं. आधी थप्पड, मग बंद मुठीनं. कॉलर धरून भिंतीवर दाबलं. "पापा बोले थे ना कल आएँगे? बोले थे ना?" मी हो म्हणालो. पुन्हा मारलं. हात वर केला नाही मी. सव्वीस वर्षांच्या पोराच्या हातात काय ताकद असते. त्या रामनिवासनं तीनदा झेललं.

मग तो खाली बसला, फरशीवर, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला.

"मामा, मग मी कोणाचा हात तोडला?"

मग डोळे पुसून उठला, आणि जे म्हणाला ते माराहून लागलं.

"कुणाला सांगायचं नाही. आईला तर अजिबात नाही. तुम्ही सांगितलंत तर केस में बचेगा क्या? मी सीधा जेल. रविवारी बोला, जसं ठरलंय तसं. बोलना तो आता है ना आपको?"

कालपर्यंत खरं बोलण्यात फक्त माझं नाक कापलं जाणार होतं. आता त्याचं तारुण्यही त्यातच आहे. शब्द शालूला दिलाय. परत आणून देईन म्हणालो होतो.

१७ जानेवारी, शनिवार

शालू आली. ओठ बघून, "कोणी मारलं?"

"बाथरूममध्ये घसरलो."

"तुला खोटं बोलता येत नाही दादा. फक्त मोठ्यानं बोलता येतं."

बसली. पदराच्या टोकाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "हे मला म्हणाले होते, फोटो नीट आला नाहीये, एकदा परत काढायला हवा. मी म्हटलं, मग दादाला घेऊन जा की. तर म्हणाले, नको, दादांनी एवढं भांडून करून घेतला, परत जायचं म्हटलं की त्यांना वाईट वाटेल."

मी फुटक्या ओठावर रुमाल दाबला.

"काय झालं होतं तिथं?"

समोर बसली होती. दोन हातांच्या अंतरावर. घरात दुसरं कुणी नाही. एवढं सोपं पुन्हा कधी असणार नव्हतं. मी म्हणालो, "उद्या सभेत बोलीन."

ती उठली. "मी पुढेच उभी असेन."

१८ जानेवारी, रविवार

बोललो. अकरा मिनिटं. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.

दोन हजार नव्हते, पण रस्ता भरला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलो. शालू पुढे, पांढरी शाल, तिच्या शेजारी अमोल, माझ्याकडे रोखून बघत. सेंटरच्या फुटक्या दारात पत्रे ठोकलेले, त्यामागे चार पोलीस आणि ती डॉक्टरीणबाई. मी म्हणालो, यंत्र खोटं बोललं नाही. यंत्रानं सांगितलं होतं, मला दिसत नाही. मी सांगितलं, साफ आहे. मग एकेक. बाक, झाशी, ब्याऐंशी, रेघ. शेवटी म्हणालो, रामनिवासचा हात माझ्या जिभेनं मोडला, पोराच्या हातात मी स्टूल दिलं, शिक्षा वाटून द्यायची तर मोठा वाटा माझा.

मग मागून, "बिक गया! वकील बिक गया!" "कितने में सौदा हुआ, चाचा?" पहिली चप्पल खांद्याला लागली. मग विटेचा तुकडा, कानाच्या वर. ज्यांना पेटवलं ते असे विझत नाहीत. त्यांना काहीतरी फोडायचंच होतं आणि मी जवळ होतो. पोरांनी ट्रॉली हलवली, पडलो, कुणीतरी पोटात लाथ घातली. अमोल मध्ये पडला. मला वाचवायला की आणखी मारायला, अजून कळलेलं नाही. त्याचा कोपर माझ्या बरगडीत आणि त्याची पाठ लोकांकडे. पोलिसांनी ओढून काढलं.

मशीनला कुणी हात लावला नाही. तेवढं झालं.

सहा टाके. शालू दवाखान्यापर्यंत आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. नर्स गेल्यावर बोलली.

"काल मी समोर बसले होते. मी विचारलं होतं तुला. घरात, एकटीनं."

"शालू—"

"मला सांगायलासुद्धा तुला माइक लागला, दादा."

गेली.

२० जानेवारी, मंगळवार

वकीलपत्र मी मागे घेतलं. अमोलची केस दुसऱ्याला दिली, चांगला आहे, कमी बोलतो. काल कोतवालीत माझा जबाब झाला, सही केली. ठाणेदार या वेळी हसला नाही. अमोलचं काय होईल, त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सेंटरची डॉक्टरीणबाई बाहेर भेटली. म्हणाली, तुमच्या डॉक्टरांना फोन मी करायला हवा होता, नुसतं लिहून भागत नाही. मी हात जोडले.

आज दोनदा शालूच्या घरी गेलो. सकाळी कुलूप. संध्याकाळी आत उजेड होता, भांड्यांचा आवाज. दार नुसतं लोटलेलं, बोटभर फट. चाळीस वर्षांत या दारावर मी कधी थाप मारलेली नाही, ढकलून, हाक मारत आत गेलोय.

उभा राहिलो. आतला भांड्यांचा आवाज थांबला. तिला कळलं होतं बाहेर कोण आहे. पाचेक मिनिटं झाली असतील. मग पायरीवर बसलो, दाराकडे पाठ करून.

थंडी फार होती. थोड्या वेळानं आत पाट सरकवून ती बसल्याचा आवाज आला, दाराच्या अगदी जवळ.